संगणक घेतला, धोरण कोठे आहे?

नागरी सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल जे नेमाने वाचतात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. बँकेने काळाची पावले ओळखून अद्ययावत तंत्रज्ञानाचा स्वीकार केला असल्याची ग्वाही देणारा एक परिच्छेद या अहवालांत हटकून असतो. त्यात एटीएम, मोबाइल बँकिंग, यूपीआय अशी सेवांची नामावळी असते. परंतु हे तंत्रज्ञान बँकेच्या कोणत्या उद्दिष्टासाठी घेतले, ते घेताना कोणती नवी जोखीम पत्करली आणि त्या जोखमीची जबाबदारी कोणावर टाकली, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या परिच्छेदात क्वचितच सापडतात. सभासदही ती विचारीत नाहीत. लाभांशाच्या दरावर आणि भेटवस्तूंवर तावातावाने बोलणारी सर्वसाधारण सभा या परिच्छेदापाशी टाळ्या वाजवून पुढच्या विषयाकडे वळते.

ही उदासीनता यापुढे परवडणारी नाही. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे. निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे, छोटे दुकानदार, गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्था यांचा पैसा तेथे ठेवलेला आहे. संगणक ही खरेदीची बाब आणि संगणकीय चोरी ही दैवाची, अशी एक समजूत अनेक संचालक मंडळांत रूढ झालेली दिसते. ती मुळातच चुकीची आहे. कोणती सेवा द्यावयाची हे ज्या बैठकीत ठरते, त्याच बैठकीत तिची जोखीमही ठरत असते. तो निर्णय धंद्याच्या धोरणाचा आहे, म्हणून तो संचालकांचा आहे. संगणक विभागाच्या माथी मारून त्यातून मोकळे होता येत नाही.

पुण्यातील धडा

१९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो प्रसंग ओढवला, त्याची आठवण या संदर्भात करणे आवश्यक आहे. त्या महिन्याच्या ११ तारखेला दुसरा शनिवार होता. बँका बंद होत्या. त्या दिवशी काही तासांच्या अवधीत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातील यंत्रांतून आणखी सुमारे अडीच कोटी गेले. पाठोपाठ सोमवारी, १३ तारखेला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीचा गैरवापर करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांची झाली.

हे कसे घडले, हे समजून घेण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आपण एटीएम यंत्रात कार्ड घातले म्हणजे यंत्र आणि बँकेची खातेवही यांच्यामध्ये एक निरोप्या धावत असतो. त्याला ‘स्विच’ म्हणतात. खात्यात शिल्लक आहे की नाही हे विचारून तो यंत्राला होकार किंवा नकार कळवितो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून या निरोप्याच्या जागी एक खोटा निरोप्या उभा केला. तो खातेवहीकडे फिरकतच नव्हता. आपल्याच अधिकारात होकार देत होता. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतील रकमा जशाच्या तशा राहिल्या आणि पैसा गेला तो बँकेचा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. ते सारे येथील साखळीतले होते. साता समुद्रांपलीकडचे सूत्रधार त्यांत नव्हते.

सुट्टीचा दिवस साधला गेला, हा योगायोग म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यावर हल्ला झाला तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी, असे ते गणित होते. सुमारे ९५ कोटी डॉलर पळविण्याचा तो बेत होता. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाचले, ते चोरांनी ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकविले म्हणून! बँकेच्या कामकाजाचे पंचांग चोरांना तोंडपाठ असते, आणि आपली यंत्रे मात्र सुट्टीच्या दिवशी रखवालदारावाचून चालू असतात.

न जुळणाऱ्या वह्या

आणखी दोन प्रकरणे या मालिकेत ठेवून पाहण्यासारखी आहेत. २०१८ च्या आरंभी पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतील घोटाळा उघडकीस आला. तेथे परदेशी कोणी चोर शिरला नव्हता. शाखेतीलच माणसे स्विफ्टवरून हमीपत्रे पाठवीत होती आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य खातेप्रणालीत होत नव्हती, कारण या दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा आपण बँकांना या धोक्याची सूचना दिली होती, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जाहीर केले. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण बाहेर आले. तेथे एकाच उद्योगसमूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखविली गेल्याचे तपास यंत्रणांनी म्हटले आहे. म्हणजे संगणकालाच खोटी साक्ष द्यावयास लावले गेले. त्या बँकेच्या ठेवीदारांना प्रारंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. स्वतःच्याच पैशासाठी रस्त्यावर उतरलेली ती वृद्ध माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत.

या तिन्ही प्रकरणांतील गुन्हेगार वेगळे, पद्धती वेगळ्या. परंतु दोष एकाच जातीचा आहे. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीत आहे की नाही, आणि दोन्ही वह्यांमागे खरा व्यवहार आहे की नाही, हे कोणी वेळेवर पडताळून पाहिले नाही. किर्दीचा आणि खतावणीचा मेळ रोजच्या रोज घातल्यावाचून दुकान बंद करावयाचे नाही, हा आपल्या पेढ्यांचा जुना नियम होता. संगणकाने बेरजा बिनचूक केल्या; त्यामुळे मेळ घालण्याची गरजच उरली नाही, असा भ्रम निर्माण झाला.

ही शिस्त पाळली तर काय होते, याचेही उदाहरण आपल्यापुढे आहे. जुलै २०१६ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियाच्या परदेशातील खात्यातून सुमारे १७ कोटी डॉलर पळविण्याचा प्रयत्न झाला. ताळमेळ घेत असताना कर्मचाऱ्यांच्या लक्षात तफावत आली, तातडीने हालचाल झाली आणि सर्व रक्कम परत मिळाली. महागड्या यंत्रसामग्रीइतकेच श्रेय येथे वेळच्या वेळी घेतलेल्या हिशेबाला द्यावे लागेल.

लाभ एकाचा, जोखीम दुसऱ्याची

मग संचालक मंडळे याकडे दुर्लक्ष का करतात? केवळ अज्ञान हे याचे उत्तर नव्हे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास त्याला एक सुसंगत कारण दिसते. नव्या सेवेचा लाभ तत्काळ दिसतो. तिचे उद्‌घाटन करता येते, छायाचित्र छापून येते. सुरक्षिततेवरील खर्चाचे फळ मात्र ‘काहीही घडले नाही’ एवढेच असते, आणि जे घडले नाही त्याचे श्रेय ताळेबंदात कोठेच दाखविता येत नाही. शिवाय निर्णय घेणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा, अशी स्थिती असेल तर निष्काळजीपणा स्वस्त पडतो.

केंब्रिज विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी २००१ साली लिहिलेल्या एका निबंधात हा मुद्दा मार्मिकपणे मांडला होता. एटीएमवरील वादग्रस्त व्यवहारांत अमेरिकेत आपली बाजू सिद्ध करण्याचा भार बँकांवर होता, तर ब्रिटनमध्ये तो बहुधा ग्राहकावर पडे. ज्यांच्यावर हा भार नव्हता त्या बँका निर्धास्त झाल्या आणि फसवणुकीचा त्रास त्यांनाच अधिक सोसावा लागला. यंत्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न शेवटी जबाबदारी कोणावर, या प्रश्नापाशी येऊन थांबतो. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकांवर टाकली आणि डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तोच नियम लावला. हे योग्यच झाले. मात्र सहकारी बँकेवर पडलेला बोजा अखेर तिच्या सभासदांवर पडतो, हे विसरता कामा नये. तेथे बँकेचा मालक आणि ग्राहक बहुधा एकच असतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. या सेवा दिल्या नाहीत तर तरुण ग्राहक मोठ्या बँकांकडे जाईल आणि छोटी बँक सुरक्षित राहूनही मरेल, असे सहकारी कार्यकर्ते म्हणतात. दुसरीकडे, सुरक्षिततेचा खर्च बँकेच्या आकाराच्या प्रमाणात कमी होत नाही. ५० कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेलाही चोवीस तासांचा पहारा तितकाच लागतो, जितका ५,००० कोटींच्या बँकेला. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग म्हणून एकाच सेवापुरवठादाराकडे अनेक बँकांनी जाणे स्वाभाविक आहे. परंतु ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादाराच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्याचे उघड झाले, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून त्याचा संबंध तात्पुरता तोडला आणि देशभरातील सुमारे ३०० छोट्या बँकांचे ग्राहक यूपीआयसारख्या सेवांना मुकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. पण एका विहिरीवर सारे गाव अवलंबून असेल, तर त्या विहिरीची राखण कोण करतो हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य गावाचेच आहे. सेवा बाहेरून घेता येते. जबाबदारी बाहेर देता येत नाही.

संचालकांनी काय करावे?

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षिततेची चौकट आखताना बँकांच्या चार पातळ्या केल्या. बँक कोणत्या सेवा देते आणि देयकयंत्रणांशी ती किती जोडलेली आहे, यावर तिची पातळी ठरविली गेली. स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्टची जोडणी असेल तर बंधने अधिक. या मांडणीतच धोरणाचे सूत्र आहे: जेवढे अंथरूण तेवढेच पाय पसरावे. ज्या सेवेवर बँक स्वतः लक्ष ठेवू शकत नाही ती सेवा तिने स्वतंत्रपणे देऊ नये. मोठ्या बँकेची उपसदस्य होऊन ती मर्यादित स्वरूपात द्यावी. आपल्या ग्राहकांपैकी परदेशी जाणारे किती, आणि मग प्रत्येकाचे कार्ड परदेशात चालण्याची गरज काय, हा प्रश्न धंद्याचा आहे. नवे कार्ड ग्राहकाने मागणी केल्याशिवाय परदेशात चालू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेला २०२० साली घालून द्यावा लागला. तत्पूर्वी तो कोणत्याही संचालक मंडळाला स्वतःहून घालता आला असता.

दुसरे असे, की स्विच, स्विफ्ट आणि खातेवही यांचा मेळ त्याच दिवशी, सुट्टीच्या दिवशीही, घातला गेला पाहिजे; आणि तो घालणाऱ्याने संगणक विभागाच्या प्रमुखाला न सांगता थेट संचालकांच्या लेखापरीक्षण समितीला सांगितले पाहिजे. तिसरे, पुरवठादाराशी होणाऱ्या करारात तपासणीचा अधिकार आणि नुकसानीची जबाबदारी स्पष्ट शब्दांत असावी. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळाने असे करार सर्व बँकांच्या वतीने एकत्रितपणे केले, तर छोट्या बँकांना एकटीने न मिळणारे सौदाबळ मिळेल. शिखर संस्थेचे पहिले काम हेच असावयास हवे.

अर्थात हे सारे वरून घडून येईल, अशी वाट पाहत बसणे सहकाराच्या तत्त्वाशी विसंगत ठरेल. सप्टेंबरअखेरपर्यंत ठिकठिकाणी सर्वसाधारण सभा होतात. गेल्या वर्षात किती दिवस ताळमेळ त्याच दिवशी पूर्ण झाला, आणि जे दिवस राहिले त्यांचे कारण काय, एवढा एक प्रश्न सभासदांनी लाभांशाच्या विषयाआधी विचारावा. त्याचे उत्तर ज्या अध्यक्षांना कागद न चाळता देता येईल, त्यांच्या बँकेत ठेव ठेवण्यास हरकत नाही.