अहमदाबादला उतरायचं कुठे?



थंडी पडली की आमच्या मंडळात अहमदाबादचे बेत सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय काय पाहायचं? माझं मत विचाराल तर आधी संध्याकाळचं जेवण कुठे ते ठरवावं. त्यावरून उतरायची जागा ठरते आणि जागेवरून किती पाहून होईल ते.

डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हॉटेल घेतलं एस. जी. हायवेला आणि फिरायचं जुन्या शहरात, तर चोविहारासाठी साडेचारपासूनच परतीची घाई. मग घरचे म्हणतात, "प्रवासात एवढं चालतं." नाहीतर बाईच्या पिशवीतून किटली, ठेपले, खाकरे निघतात आणि हॉटेलच्या खोलीत तिचं स्वयंपाकघर पुन्हा सुरू! मला दोन्ही मान्य नाही. नियमही पाळला जावा आणि चार दिवस तिचेही हात मोकळे राहावेत. यासाठी जुन्या शहरात किंवा त्याच्या जवळ, भोजनशाळा असलेली जैन धर्मशाळा बघावी. निघण्याआधी फोन करून खोली, लागणारी ओळखपत्रं आणि जेवणाच्या वेळा विचारून घ्याव्यात. नवकारशी आणि उकळलेल्या पाण्याचीही चौकशी करावी.

एक हिशेब मात्र सांगते, कॉमर्सवाली आहे ना! धर्मशाळा म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे. आपण कमी भरतो, कारण उरलेलं कुणा दात्याने भरलेलं असतं. हॉटेलचं भाडं वाचलं, त्यातला काही भाग भोजनशाळेला किंवा जीवदयेला देऊन पावती घ्यावी.

आता पाहण्याचं. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हटलं. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची हेरिटेज वॉक असते, ती चुकवू नका. पोळांमधली कोरीव लाकडाची घरं तर सुंदर आहेतच, पण माझी नजर खिळते ती पक्ष्यांना दाणे घालायच्या चबुतऱ्यांवर. नगररचनेतच जीवदया बसवलेली!

दिल्ली दरवाजाबाहेरचं हठीसिंगांचं मंदिर निवांत वेळ ठेवून पाहा. पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवानांचं हे बावन्न देवकुलिकांचं संगमरवरी मंदिर. शेठ हठीसिंग काम पूर्ण होण्याआधीच गेले. त्यांच्या पत्नी शेठाणी हरकुंवर यांनी ते पुढे नेलं आणि १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. एवढे कारागीर, एवढा पैसा, आणि कारभार पाहणारी त्या काळातली विधवा बाई. आपण तिथे कोरीवकामाचे फोटो काढतो, तिचं नाव मात्र क्वचितच घेतो. लेकीसुनांना ते आवर्जून सांगावं.

दुसऱ्या दिवशी साबरमती आश्रम आणि राणी रूडाबाईंची अडालजची पाच मजली वाव. ती शहराबाहेर आहे, म्हणून सकाळीच निघावं.

रात्रीच्या माणेक चौकाचं सगळे कौतुक करतात. तो खाण्याचा बाजार, आपल्या कामाचा नाही. दिवसा तिथून चक्कर मारली की पुरे. संध्याकाळी वेळेवर जेवून, प्रतिक्रमण करून लवकर झोपलं, तर सकाळी सगळ्यांच्या आधी देवदर्शन होतं. नियमामुळे सहल आखडते असं म्हणणाऱ्यांनी एकदा या क्रमाने अहमदाबाद करून पाहावं.