दुधाचा हिशेब

वार्धक्यात स्मृती मंदावते हे नैसर्गिकच आहे; परंतु ती मंदावणे आणि ती ढासळणे यांतील अंतर ओळखण्याची दृष्टी आपल्या घरांतून अद्याप यावी तशी आलेली नाही, आणि 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने ही उणीव पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवली आहे. व्याह्यांचे नाव ओठांवर येऊन अडावे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपोआप आठवावे, हे वयाचे लक्षण होय. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

माझी आई चाळीस वर्षे स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब ठेवीत असे. रतीब चुकला त्या तारखेवर फुली, पाहुणे आले त्या तारखेवर 'अर्धा जास्त'. एका श्रावणात मी ते पान पाहिले, तेव्हा अजून उगवायच्या तारखांवरही फुल्या पडलेल्या होत्या, आणि जिने जन्मात कोणावर आवाज चढविला नाही, त्या माउलीने गवळ्यावर लबाडीचा आळ घेतला होता. आम्ही ते हसण्यावारी नेले. तपासणीस त्यानंतर दीड वर्ष गेले, आणि त्या दिरंगाईचे शल्य मला आजही आहे.

किती नावे विसरली हे मोजू नये; हातवळणीचे काम बिघडू लागले काय, रोजच्या बाजाराची वाट चुकते काय, तोच प्रश्न घटकेत पुन्हा येतो काय, हे पाहावे. भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. मात्र असा प्रत्येक बिघाड स्मृतिभ्रंशच असतो असे नव्हे: थायरॉईडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही तसेच रूप येते, आणि उपचाराने ते पुष्कळदा सुधारते. दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियमची घट असू शकते. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला आपण दर नोव्हेंबरात बिनचूक सादर करतो. या वेळी बँकेत वडिलांच्या हातून फॉर्म ओढून घेऊ नका. तो त्यांनाच भरू द्या, शेजारी शांतपणे उभे राहा, आणि पूर्वी सहज जमणारे काही अडलेले दिसले, तर तारखेनिशी लिहून ठेवून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.