विश्लेषण : नवी स्पोर्ट्स कार घेताना सस्पेन्शनवर जादा पैसे मोजावेत का?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि वेगवान गाडी चालवायला रस्ता कुठे आहे, हा नाशिककरांचा जुना प्रश्न निम्मा सुटला. उरलेला निम्मा प्रश्न घरापासून महामार्गापर्यंतच्या रस्त्याचा आहे. शोरूममध्ये रंग आणि चाकांवर तासभर चर्चा होते. सस्पेन्शनचा पर्याय मात्र दोन मिनिटांत उरकला जातो. वास्तविक गाडी घरी आल्यावर बदलायला सर्वांत अवघड गोष्ट तीच असते.

सस्पेन्शनचे नेमके काम काय?

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. अँटी-रोल बार वळणावर गाडीला कलू देत नाही. या तिघांचे अंतिम काम एकच : टायर रस्त्याला चिकटून ठेवणे. प्रवाशाला मिळणारा आराम हा त्याच कामाचा एक भाग आहे. ब्रेक आणि स्टीअरिंग कितीही उत्तम असले तरी टायर हवेत असेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

कडक सस्पेन्शन म्हणजे चांगले सस्पेन्शन का?

गुळगुळीत रेसट्रॅकवर बहुतांशी होय. तिथे गाडी कमी कलते आणि स्टीअरिंगला चटकन प्रतिसाद देते. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर कडक चाक धक्का शोषत नाही, उसळते. म्हणजे जिथे पकड सर्वाधिक हवी तिथेच ती सुटते. याचा दाखला नाशिकला दूर शोधायला नको. ‘विसा’ या नाशिकच्या संस्थेने भरवलेली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ इथल्या प्रेक्षकांनी पाहिली आहे. मातीच्या रस्त्यावर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्या जमिनीपासून उंच असतात आणि त्यांची चाके भरपूर वर-खाली होतात. त्या संथ असतात असे कोणी म्हणणार नाही. वेग आणि कडकपणा यांचे नाते रस्ता ठरवतो.

कंपनीकडून कोणते पर्याय मिळतात?

साधारण तीन. पहिला, उंची कमी केलेले स्पोर्ट सस्पेन्शन. दुसरा, अ‍ॅडॅप्टिव्ह शॉक अ‍ॅब्सॉर्बर. बटण दाबून किंवा आपोआप ते मऊ-कडक होतात. तिसरा, गाडीचे नाक उचलणारी लिफ्ट. उदाहरणार्थ, पोर्शे ९११ मध्ये स्पोर्ट सस्पेन्शन गाडी १० मिलीमीटरने खाली आणते, तर लिफ्ट ताशी ३५ किलोमीटरपर्यंतच्या वेगात पुढचा भाग सुमारे ४० मिलीमीटर वर उचलते. एक मात्र लक्षात घ्यावे : अ‍ॅडॅप्टिव्ह शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे धक्के कमी होतात, उंची वाढत नाही. गाडी खालून घासत असेल तर त्याचा उपाय हा नव्हे.

गतिरोधकाचे गणित काय सांगते?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद आणि गोलाकार असावा. असा गतिरोधक साधारण अडीच मीटर चाकांतर असलेल्या गाडीच्या पोटाखाली फक्त साडेचार सेंटीमीटर जागा खातो, कारण चाकेही त्याच्या उतारावर चढलेली असतात. बारा सेंटीमीटर उंचीची स्पोर्ट्स कार तो हळू वेगात सहज पार करेल.

अडचण गल्लीबोळातल्या मनमानी गतिरोधकांची आहे. अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर उंच उंचवटा आला की तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मध्ये येतो आणि गाडीचे पोट घासते. इथे लिफ्टही पूर्ण कामाची नाही : नाक चार सेंटीमीटर उचलले तरी गाडीच्या मध्यभागाला त्यातले निम्मेच मिळतात. लिफ्टचा खरा उपयोग बंगल्याच्या किंवा तळघरातल्या पार्किंगच्या चढावर होतो.

नंतर बाहेरून बदलून घेतले तर?

इथेच खरी मेख आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या स्प्रिंगा बसवणे यात मोडते का, हा वाद रंगतो तो आरटीओच्या दारात किंवा अपघातानंतर विमा कंपनीच्या टेबलावर. दोन्ही ठिकाणी बाजू मांडावी लागते ती मालकालाच. वॉरंटीवर गदा येते ती वेगळीच. कंपनीतून बसवून आलेल्या पर्यायाला यातले काहीच लागू होत नाही.

मग पैसे कुठे घालावेत?

नाशिकच्या खरेदीदाराने उंची कमी करणाऱ्या पर्यायावर सरळ काट मारावी. दहा मिलीमीटरचा फायदा रेसट्रॅकवर जाणवतो, तोटा मात्र रोज घराच्या फाटकात. अ‍ॅडॅप्टिव्ह शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र घेण्यासारखे आहेत, कारण समृद्धीवरचा ताशी १२० किलोमीटरचा वेग, कसारा घाटातली वळणे आणि शहरातले खोदकाम ही तीन कामे एकाच दिवशी त्यांना करावी लागतात. ते महाग असतात आणि वॉरंटी संपल्यावर बदलणे त्याहून महाग पडते. म्हणून वाढीव वॉरंटीचा दर त्याच वेळी विचारावा.

बजेट तोकडे असेल तर फुकटचा उपाय आहे : मोठी चाके नाकारावीत. २४५/३५ आर २० टायरची भिंत ८६ मिलीमीटरची, तर २४५/४० आर १९ ची ९८ मिलीमीटरची. तेवढा जास्तीचा रबर खड्ड्यात रिमही वाचवतो आणि पाठही.

शेवटची गोष्ट, चाचणीची. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नये. गाडी स्वतःच्या गल्लीत न्यावी, स्वतःच्या पार्किंगमध्ये उतरवून पुन्हा वर काढावी. तिथे घासली तर कागदावरची अश्वशक्ती कामाची नाही.