पाऊस आला, बंदूक रुसली

दोस्तांनो, सोलापूरहून सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, "शाळेबरोबर भुईकोट किल्ला बघायला गेलो होतो. सरांनी तटातल्या जंग्या दाखवल्या. त्यांतून शिपाई बंदुका मारायचे म्हणे. पण धो धो पाऊस आला, तर दारू भिजणार नाही का? मग ते काय करत असतील?"

प्रश्न झकास आहे! इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख असते, सेनापतींची नावं असतात. त्या दिवशी हवा कशी होती, ते मात्र क्वचितच असतं. आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचा जीव कित्येकदा त्या हवेवरच अवलंबून असे.

आधी ती बंदूक कशी होती ते पाहू. धातूचं बंद काडतूस तेव्हा नव्हतं. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून आत टाकायची आणि लांब गजाने ठासायची, म्हणून ही ठासणीची बंदूक. आत ठासलेली दारू तशी सुरक्षित. पण ती पेटवायची कशी? नळीच्या मागच्या टोकाला, बाजूला, एक बारीक भोक असे. त्याला म्हणत बंदुकीचा ‘कान’. कानाच्या बाहेर एक छोटीशी वाटी आणि तीत चिमूटभर बारीक दारू. तिचं नाव रंजक. रंजक पेटली की जाळ कानातून आत शिरतो आणि बार उडतो. एवढी मोठी बंदूक, पण सगळा कारभार त्या चिमटीवर!

ही रंजक पेटवायच्या दोन तऱ्हा होत्या. जुनी तऱ्हा तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती उदबत्तीसारखी धुमसत राहते. चाप ओढला की तिचं पेटतं टोक रंजकीवर टेकतं. दुसरी तऱ्हा चकमकीची. हिच्यात घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवलेला असे. चाप ओढला की गार पोलादी पत्रीवर आपटते आणि ठिणग्या खाली वाटीत पडतात. या ठिणग्या गारेच्या नसतात बरं का, खरवडल्या गेलेल्या पोलादाच्या असतात. गल्लीत सुऱ्यांना धार लावणारा येतो ना, त्याच्या चाकाशी उडतात तशाच.

आता पाऊस आणा. तोडा उघड्यावर जळणारा, त्यामुळे तो सगळ्यात आधी विझतो. चकमकीची बंदूक जरा शहाणी, कारण तिची पोलादी पत्रीच वाटीवरचं झाकण असते. चाप ओढेपर्यंत रंजक झाकलेली राहते. त्यामुळे रिमझिम असली तर काम भागे, आणि आधी भरून ठेवलेला पहिला बार मुसळधार पावसातही उडण्याची आशा असे. खरी पंचाईत दुसऱ्या बाराची. तो भरताना झाकण उघडावं लागतं, दारू भर पावसात ओतावी लागते, बोटं ओली, गार ओली, पत्री ओली. शिवाय दारू जळून उरलेली काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. वाटीत काळा चिखल होतो आणि कान बुजतो.

दारू वाळवून पुन्हा वापरली तर? पालकांनी दिवाळीचे उरलेले फटाके माळ्यावर ठेवून पाहिले असतील, त्यांना उत्तर ठाऊक आहे. दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. यातला सोरा पाण्यात विरघळतो. वाळला की तो वेगळा खडा धरून बसतो, कोळशाशी पहिल्यासारखा एकजीव राहत नाही. सादळलेली दारू उन्हात टाकली तरी तिचा जोर परत येत नाही तो यामुळे.

मग शिपाई काय करत? चकमकीवर चामड्याची खोळ चढवत, नळीच्या तोंडाला बूच मारत, चालताना बंदुकीचा तो भाग काखेत धरत, गार कोरड्या फडक्याने पुसत. एवढं करूनही बार फुसका निघाला, तर पुढे लावलेली संगीन होतीच. १७५७ च्या जूनमध्ये प्लासीला दुपारी पाऊस कोसळला. इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या ओढल्या. नवाबाच्या फौजेची दारू भिजली. इंग्रजांचीही भिजली असेल अशा समजुतीने नवाबाची माणसं चालून गेली आणि समोरच्या तोफा कोरड्या निघाल्या. मीर मदन त्यातच पडला. (प्लासीचा निकाल मीर जाफरच्या फितुरीने जास्त लागला हे खरं, पण ताडपत्रीलाही तिचं श्रेय द्यायला हवं!)

आपल्याकडे मात्र सगळ्यात सोपा उपाय होता, तो म्हणजे पावसाळ्यात लढायचंच नाही. फौजा छावणीला जात आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. याला केवळ बंदूक कारण नव्हती. चिखलात तोफांचे गाडे रुततात, नद्या ओलांडता येत नाहीत. आता पेशवाईच्या शेवटच्या युद्धाच्या तारखा पाहा. खडकी, ५ नोव्हेंबर १८१७. महिदपूर, २१ डिसेंबर. सोलापूर जिल्ह्यातली आष्टी, जिथे बापू गोखले पडले, २० फेब्रुवारी १८१८. आणि जनरल मन्रोने सोलापूरची पेठ आणि तो भुईकोट घेतला, तो मे १८१८ मध्ये, मृग नक्षत्र तीन-चार आठवड्यांवर आलं असताना. सगळं युद्ध दसरा आणि मृगाच्या मधल्या कोरड्या दिवसांत बसतं! म्हणजे पत्र लिहिणाऱ्या दोस्ता, तुझ्या जंग्यांमागचे शिपाई त्या वेळी घामाने भिजले असतील, पावसाने नाही.

हा नियम मुद्दाम मोडणारा एक जण होता, वेलस्ली. त्याने अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला ऑगस्ट १८०३ मध्ये घेतला. त्याचा हिशेब असा, की नद्या भरल्या की मराठ्यांचं चपळ घोडदळ अडतं आणि आपल्याकडे तर होड्या तयार आहेत. माणूस पक्का हिशेबी!

पावसाला हलक्यात घेतल्याची किंमत सोलापूर जिल्ह्यानेही पाहिली आहे. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोल्याकडच्या खवासपूरला, माण नदीकाठी, औरंगजेबाचा तळ होता. एरवी कोरडी ठणठणीत असणारी ही नदी रात्रीत फुगली आणि तळात शिरली. त्या गोंधळात बादशहा पडला, गुडघा दुखावला आणि तो जन्मभर लंगडत राहिला. तिथे कुणाच्या बंदुकीची रंजक कोरडी राहिली असेल?

अखेर या दुखण्यावर औषध शोधलं ते स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्रीबुवांनी, तेही बदकांच्या शिकारीपायी! रंजकीचा भपका दिसला की पाखरं उडून जात. त्यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. पुढे ते रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत बसवलं गेलं. वाटी गेली, रंजक गेली, गारही गेली. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिचला दोन्ही बंदुकांची सगळ्या हवेत परीक्षा घेतली, प्रत्येकी ६,००० बारांची. चकमकीने ९२२ वेळा दगा दिला. टोपीने फक्त ३६ वेळा.

हे कागदावरचे आकडे १८४१ मध्ये चीनमध्ये खरे ठरले. कँटनजवळ मद्रासच्या ३७व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात वाट चुकली आणि हजारो गावकऱ्यांनी तिला गराडा घातला. या हिंदी शिपायांच्या हातात अजून चकमकीच्याच बंदुका होत्या. त्या पेटेनात. संगिनी रोखून ते उभे राहिले. शोधायला आलेल्या गोऱ्या मरीन सैनिकांकडे टोपीच्या बंदुका होत्या, त्या त्याच पावसात धडाधड उडाल्या आणि तुकडी सुटली.

ती टोपी तुम्ही हाताळली आहे, दोस्तांनो! दिवाळीत खेळण्यातल्या पिस्तुलात टिकल्या घालता, त्यांची युक्ती तीच. घोडा आपटतो, टिकली फुटते. फक्त आपली टिकली कागदाची, म्हणून ती सादळते; बंदुकीच्या टोपीला बाहेरून तांबं आणि आतून लाखेचा मुलामा असे.