कोवळें ऊन आणि दमा

थंडी पडूं लागली कीं नगरच्या घराघरांतून दम्याच्या रोग्यास दोन उपदेश हटकून मिळतात: सकाळच्या कोवळ्या उन्हांत बसा, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी घ्या. उपदेश वाईट नव्हे. परंतु गोळी आली कीं रोजचा इन्हेलर फळीवर जाऊन बसतो. ही अदलाबदल प्रसंगीं जिवावर बेतते, म्हणून हा विषय आज घेतला.

प्रथम उन्हाविषयीं. हें सत्त्व त्वचेंत पुरेसें निर्माण होण्यास सूर्य बराच वर यावा लागतो. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडेल, इतका. कोवळ्या उन्हानें ऊब मिळते, सत्त्व फारसें नाहीं. आपला जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) १९ अक्षांशांच्या आसपास असल्यामुळें वर्षांतील सर्वांत लहान दिवशींही मध्यान्हीं सावली आखूडच असते. शाळेंत ज्यांनीं शंकूची छाया मोजली असेल, त्यांस हें पटवावें लागणार नाहीं. अवर्षणाच्या या प्रदेशांत ऊन हें एकच पीक सहसा बुडत नाहीं! तरी सत्त्व कमी पडतें, कारण ऊन अंगणांत आणि आपण माजघरांत. शेजारच्या नाशकाकडे हचिसन व शहा यांनीं केलेली पाहणी १९२२ सालीं प्रसिद्ध झाली. मुडदूस आढळला तो पडद्यांत राहणाऱ्या सधन घरांत, उन्हांत राबणाऱ्या गरिबांकडे नव्हे.

दम्याची गोष्ट मात्र निराळी. ‘ड’ कमी असणारांचा दमा अधिक अनावर असतो, असें पुष्कळ पाहण्यांत दिसलें खरें. पण ज्यास धाप लागते तो घराबाहेर पडत नाहीं, मग कारण कोणतें व कार्य कोणतें? अमेरिकेंत ‘ड’ कमी असलेल्या ४०८ प्रौढ रोग्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांस सत्त्व दिलें, निम्म्यांस नुसती नकली गोळी, इन्हेलर सर्वांसच. २८ आठवड्यांत दमा बिघडण्याचें प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखेंच राहिलें, हें २०१४ सालीं जाहीर झालें. पुढें २०१६ मध्यें कॉक्रेन या संस्थेनें अनेक प्रयोग एकत्र तपासून आशा दर्शविली. २०२३ मध्यें अधिक प्रयोग जमेस धरतां ती टिकली नाहीं.

मग गोळी व्यर्थ काय? नव्हे. तीव्र दम्यासाठीं ज्यांस स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार पोटांत घ्याव्या लागल्या, त्यांचीं हाडें ठिसूळ होतात. त्यांनीं कमतरता अवश्य भरून काढावी. परंतु ६०,००० एककांची मात्रा बहुधा आठवड्यास एक अशी सांगितलेली असते. ती रोज घेत गेल्यास रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो. आणि रोजचा इन्हेलर घेतांच हुशारी वाटत नाहीं, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाहीं. श्वासनलिकांची सूज तो हळूहळू उतरवितो. पुढल्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना तो बरोबर न्यावा आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवावा. पुष्कळांचें औषध घशांतच राहतें, छातीपर्यंत पोंचत नाहीं.