छायाचित्र लहान करावे, पण घरच्या संगणकावर

बँकांच्या नोकरभरतीसाठी आयबीपीएसकडे ऑनलाइन अर्ज करताना छायाचित्र २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी इतकीच लागते. मोबाइलने टिपलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र मात्र सहसा काही एमबींचे, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पट असते. मुदत संपत आली की अनेक अर्जदार ‘फोटो लहान करून मिळेल’ असे सांगणाऱ्या एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा आसरा घेतात आणि आपली स्वाक्षरी, कधी पॅन कार्डसुद्धा, बिनदिक्कत त्याच्या स्वाधीन करतात. सही केलेला कोरा धनादेश परक्याच्या हाती न देणारी माणसेही येथे गाफील राहतात, हे नवलच!

वास्तविक विंडोजच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीपासून सोबत येणारा ‘पेंट’ हा साधा प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे. त्यातील ‘रिसाइझ’मध्ये टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडावेत. अर्जासाठी २०० बाय २३० पिक्सेल हवे असतील, तर आधी चित्राच्या कडा त्या प्रमाणात कापाव्यात. नाहीतर चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

आप्तांना ई-मेलने पाठवायच्या छायाचित्रांना १६०० बाय १२०० पिक्सेल पुष्कळ झाले. मात्र लहान केलेली प्रत ‘सेव्ह ॲज’ने वेगळ्या नावाने ठेवावी. मूळ ४००० बाय ३००० पिक्सेलच्या चित्रातील अवघे १६ टक्के पिक्सेल तिच्यात उरतात आणि गेलेले परत येत नाहीत. पुढे आजीची तसबीर भिंतीवर लावायची ठरली, तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने त्या प्रतीची सुबक छपाई जेमतेम सव्वापाच इंच रुंदीची होते.