एकट्याने घड्याळाशी शर्यत: टाइम ट्रायलमध्ये आपल्याकडे करिअर का होत नाही?

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, आणि थेट यूसीआय म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या कॅलेंडरवरची शर्यत. जिंकला न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे. पण पहिल्या दिवशी शहरातली शर्यत बघताना अनेकांना प्रश्न पडला असेल, हे सगळे एकत्र का सुटत नाहीयेत? त्या दिवशी होता प्रोलॉग, म्हणजे टाइम ट्रायलचंच छोटं रूप.

टाइम ट्रायल म्हणजे काय?

मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याला माहिती आहे. सगळे एकत्र निघतात, घाटात जो पुढे तो ‘घाटाचा राजा’. तिथे दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो. टाइम ट्रायलमध्ये ठरावीक अंतराने एकेक जण सुटतो आणि कुणाच्या आडोशाला राहायचं नाही. ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो जिंकला.

इथे खरी लढाई हवेशी असते. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद साधारण ३३ टक्के जास्त लागते. म्हणूनच ती झुकलेली बैठक, लांबट हेल्मेट आणि मागचं पूर्ण बंद चाक.

हे खेळाडू किती जोरात जातात? इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले. विरारहून निघाला तर तासाभरात तो मुंबई सेंट्रल ओलांडेल. विरार फास्टलाही एवढ्या वेळात तिथे पोचायची खात्री नसते.

भारतात कुणी हे केलंय?

नवीन जॉनचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकताना तो सायकलिंगकडे वळला. पुढे टाइम ट्रायलचा राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संघाकडून खेळला. पण सुरुवात अमेरिकेत आणि पुढची पायरी ऑस्ट्रेलियात, हा रस्ता किती जणांना परवडेल?

मग गाडी अडते कुठे?

पहिला अडथळा पैशाचा. खास टाइम ट्रायलची सायकल लाखांत जाते. बक्षिसांवर घर चालत नाही, त्यामुळे बहुतेकांची नजर रेल्वे, सैन्यदल किंवा राज्य सरकारच्या ५ टक्के क्रीडा आरक्षणावर असते.

दुसरा अडथळा रस्त्याचा. यात न थांबता एकाच लयीत पॅडल मारायचा सराव लागतो. वसई-विरारच्या मुलाने तो करायचा कुठे? हायवेवर कंटेनर, आत सिग्नल आणि खड्डे.

तिसरा आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे शर्यतीच कमी. राष्ट्रीय रोड स्पर्धा वर्षातून एकदा होते. त्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं. शिवाय पुणे ग्रँड टूर फक्त पुरुषांची होती. खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्राला सायकलिंगची सुवर्णपदकं देणाऱ्या कोल्हापूरच्या पूजा दानोळेसारख्या मुलींना तिथे जागाच नव्हती.

ब्रिटनने काय केलं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सायकल संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यती बंद केल्या. त्यावर फ्रेडरिक बिडलेकने ५ ऑक्टोबर १८९५ ला तोडगा काढला. एकेकाला सोडा, फक्त वेळ मोजा. पुढे क्लबांनी पहाटेच्या, मग दर आठवड्याच्या छोट्या टाइम ट्रायल सुरू केल्या. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं सुवर्ण जिंकणारा ब्रॅडली विगिन्स याच क्लब संस्कृतीतून आला.

आपल्याला काय शिकण्यासारखं आहे?

वसई-विरारमध्ये मॅरेथॉनसाठी रस्ते बंद होतात, म्हणजे पोलीस, पालिका आणि लोकांना त्याची सवय आहे. टाइम ट्रायलला त्याहून कमी लागतं: मोजलेला १० किलोमीटरचा रस्ता, स्टॉपवॉच, काही स्वयंसेवक आणि रविवारची पहाट. महागडी सायकलही नको, साध्या सायकलींचा वेगळा गट ठेवता येतो.

पुण्यासारख्या मोठ्या शर्यतीमुळे खेळ लोकांना दिसला. पण नालासोपाऱ्यातल्या एखाद्या मुलीला आपण गेल्या महिन्यापेक्षा किती सेकंद पुढे आलो, हे कळायला दर महिन्याची छोटी शर्यतच लागेल. ती भरवायला कोण पुढे येतं, त्यावर तिचं करिअर ठरणार आहे.